नातेवाइकांचा रकाना

अतिदक्षता विभागात तिला सगळे खांबताई म्हणत. हे नाव बरोबरच्या नर्सने, रेडिओने, ठेवलं होतं, आणि रेडिओने ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की साबण लावून घासलं तरी निघत नसे. बाकीच्या नर्सा माणसांसारखी माणसं होत्या. वैतागायच्या, पेशंटच्या मुलाशी हुज्जत घालायच्या, औषधांच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं फ्रिजला कपाळ टेकून उभ्या राहायच्या आणि नाक पुसत बाहेर यायच्या. खांबताईला फ्रिज लागत नसे. बारा खाटांचा तो विभाग, बारा मॉनिटर, प्रत्येकाची वेगळी पीं-पीं, आणि मधोमध ही, पदर खोचल्यासारख्या गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून उभी. कोणाचंही काही बिनसलं की तिथे येऊन टेकायचं, अशी एकूण पद्धत. खांबाला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुला कसं वाटतंय.

विचारायला एक आली, पण तीसुद्धा छापील कागद घेऊन. विद्यापीठातून आलेली तरुण बाई, गळ्यात ओळखपत्र, काखेत कागदांचा गठ्ठा. अतिदक्षतेतल्या नर्सांचा स्वभाव कसा असतो, संकटातून त्या पुन्हा कशा उभ्या राहतात आणि जे पाहिलं त्याचा ओरखडा मनावर किती उरतो, याचा तिला अभ्यास करायचा होता. वॉर्डातल्या मामांनी, म्हणजे स्ट्रेचर ढकलणाऱ्या आणि सगळ्यांना सल्ले देणाऱ्या मामांनी, तिचं पहिल्याच दिवशी 'प्रश्नवाली' असं बारसं करून टाकलं. "लागोपाठ दोन रविवार सुट्टी द्या म्हणावं ह्या पोरींना," मामा म्हणाले, "ओरखडे आपोआप भरतात की नाही बघा."

बासष्ट प्रश्न होते. कोणी तास लावला, कोणी कागद घरी नेला आणि आणलाच नाही, एक नवी मुलगी एकोणिसाव्या प्रश्नाशी पोचली आणि तिथेच हमसून रडायला लागली. खांबताईने सगळे बासष्ट चहाच्या सुट्टीत उरकले. अकरा मिनिटं लागली. चहासुद्धा पूर्ण निवला नव्हता.

नको त्या आठवणी अचानक मनात येतात का? अजिबात नाही. झोप मोडते का? नाही. छातीत धडधडतं का? नाही. खोटं ती लिहीत नव्हती. खोटं लिहिणं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. जे केलं ते लिहायचं, जे केलं नाही ते लिहायचं नाही, हे तिला शिकवणाऱ्या बाईंनी अशा कडक आवाजात शिकवलं होतं की ते हाडात उतरलं. प्रत्येक प्रश्नाला तिने आत डोकावून पाहिलं आणि आत काही दिसलं नाही, म्हणून 'नाही' वर खूण केली. एकोणचाळिसाव्या प्रश्नाला तेवढी ती क्षणभर अडली. 'जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं का?' वाटतं का? वाटण्याचंच म्हणाल तर काहीच वाटत नव्हतं, मग तुटल्यासारखं तरी कुठून वाटणार? नाही. पुढचा प्रश्न.

आता रेडिओबद्दल सांगायला हवं, कारण ती नसेल तर ह्या गोष्टीला तोंडच नाही.

रेडिओ ही तिची मैत्रीण. दोघी एका वर्गात शिकल्या, एका दिवशी नोकरीला लागल्या, एका कपाटात चपला ठेवत. रेडिओच्या तोंडाचा पट्टा सकाळी चालू झाला की ड्युटी संपेपर्यंत थांबत नसे. शुद्धीतले लोक ऐकून थकले की ती बेशुद्ध पेशंटांकडे वळायची. "काका, आता कूस बदलतेय हं, डावीकडे. तुमचा मुलगा येऊन गेला. केस कापलेत त्याने, बरा दिसतो." कोणी हसलं तर म्हणायची, "अगं, ऐकू येतं त्यांना. उत्तर द्यायला वेळ लागतो, एवढंच." मग पेशंटचा हात हातात घेऊन, कानाशी वाकून, ठणठणीत आवाजात विचारायची, "ऐकू येत असेल तर हात दाबा!" तसं सगळ्याच नर्सा विचारतात, तपासायची ती पद्धतच आहे. पण रेडिओ असं विचारायची की जणू काकांनी हात दाबला नाही तर ती जेवणार नाही.

तीन वर्षांपूर्वी साथ आली आणि नातेवाइकांना आत यायला बंदी झाली. चार्टच्या शेवटी 'नातेवाईक' असा एक रकाना असतो. आधी त्यात काय काय लिहिलेलं असायचं: मुलगी येऊन गेली, पत्नीशी डॉक्टर बोलले, भाऊ भांडून गेला. आता बाराही खाटांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच ओळ, 'नातेवाईक हजर नाहीत'. आणि पेशंट तर विचारायचे. प्राणवायूच्या मुखवट्याच्या आतून, धापा टाकत, बायको आली का, मुलगा आला का. त्यांना काय सांगायचं? तेव्हा रेडिओनेच ते वाक्य काढलं. "कळवलंय हं. येतीलच." पेशंट शांत व्हायचे. नाडीचा आकडा खरोखर दहाने उतरायचा. मग सगळ्यांनीच ते वाक्य उचललं. खांबताईने ते किती वेळा म्हटलं असेल याचा हिशोब नाही. बोलताना विचार करावा लागत नसे, हात एकीकडे सलाइनची गती बदलत असायचे आणि तोंड म्हणत असायचं.

पुढे रेडिओच सात नंबरच्या खाटेवर आली. चौथ्या दिवशी, घशात नळी घालायच्या थोडं आधी, तिने विचारलं, "माझी आई आलीय का गं?"

खांबताईचे हात औषध सोडणाऱ्या पंपावर होते. तोंड म्हणालं, "कळवलंय हं. येतीलच."

मुखवट्याच्या आत रेडिओ हसली. "मलाच सांगतेस होय?" असं म्हणाली, आणि ते तिचं शेवटचं बोलणं. पुढचे पाच दिवस खांबताई दर तासाला तिच्या कानाशी वाकून हात दाबायला सांगत राहिली. दोन दिवस तिने दाबला. मग चार्टवर खांबताईच्याच अक्षरात आहे: 'सूचनेनुसार हात दाबत नाही.' नवव्या दिवशी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी ती गेली. खांबताईने नळ्या काढल्या, तिला पुसून घेतलं, केस विंचरले, मनगटाला चिठ्ठी बांधली. आठ नंबरचं इंजेक्शन दोन वाजता होतं. ते दोन वाजता दिलं. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. लोक आजही त्याची गोष्ट सांगतात, कौतुकाने. खंबीर म्हणावी तर अशी, म्हणतात.

तर प्रश्नवाली. दोन आठवड्यांनी ती प्रत्येकीला एकेक बंद पाकीट द्यायला आली, जिचा निकाल तिला. खांबताईचं पाकीट तिने हातात दिलं, पण सोडलं नाही.

"सिस्टर, दोन मिनिटं बसू या का?"

दोघी चादरींच्या खोलीत बसल्या. प्रश्नवालीने सांगितलं की स्वभाव शांत, नेटका, जबाबदार. चिवटपणा सगळ्या विभागात पहिला. आणि धक्क्याच्या भागात शून्य.

"मग बरंच आहे की," खांबताई म्हणाली.

"असेलही. पण मी आजवर तीनशे फॉर्म तपासलेत. साध्या पोस्टातल्या माणसांनासुद्धा चार-पाच गुण पडतात हो. अगदी शून्य..." तिने दाराबाहेर वॉर्डाकडे बोट केलं. "तुमच्या मॉनिटरवर एकदम शून्य दिसलं, तर तुम्ही काय करता?"

"आधी पेशंटकडे बघायचं. मग तार सुटलीय का ते."

"हं," प्रश्नवाली म्हणाली. "माझा नंबर पाकिटावर आहे. कधीही करा."

खांबताईने पाकीट खिशात टाकलं. पाच नंबरच्या पेशंटचा कफ काढायची वेळ झाली होती. बाहेर मेट्रनबाई गाठ पडल्या. त्यांना निकाल कोणी सांगितला नव्हता, पण खांबताईचा निकाल काय असेल हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. "पुढच्या महिन्यापासून नव्या मुली तुझ्या हाताखाली देणार आहे मी," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारख्या कर गं बाई त्यांना. रोज एक रडते." खांबताई बरं म्हणाली.

घरी नवरा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. यंत्राच्या आवाजावरून कुठला भाग झिजलाय ते ओळखणारा माणूस. घरातला आवाज बदललेला त्याला ऐकू येत होता, पण हे झाकण कुठून उघडायचं ते त्याला कळत नव्हतं. आणि नऊ वर्षांची मुलगी. तिचं घरातलं नाव किल्ली. लहानपणी किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी घरभर बडबडत फिरायची म्हणून, आणि हेही नाव अर्थातच रेडिओमावशीने ठेवलेलं. रेडिओमावशी आली की दोघी मिळून बाहुल्यांचा दवाखाना मांडायच्या. बाहुल्यांना काय काय सोसावं लागायचं ते न सांगितलेलंच बरं.

आता किल्ली बडबडत नसे. म्हणजे आईसमोर नसे. शाळेतल्या गोष्टी ती बाबाला सांगायची आणि आई खोलीत आली की वाक्य अर्ध्यावर सोडून पेन्सिलीला टोक करायला लागायची. एकदा मिस्त्री म्हणाला होता, "अगं, तिला तू हवी आहेस."

"मी आहे की," ती म्हणाली. डबा वेळेवर होता, गणवेशाला इस्त्री होती, नखं दर रविवारी कापलेली होती.

पण एक गोष्ट तिलाही ठाऊक होती, आणि ती कोणत्याच फॉर्ममध्ये विचारलेली नव्हती. पूर्वी ड्युटीवरून आल्यावर झोपलेल्या किल्लीच्या केसांचा वास घेतला की तिच्या पोटात काहीतरी हलायचं. आता ती रोज वास घेऊन बघायची. तेलाचा वास यायचा, शाम्पूचा यायचा. हलत काही नव्हतं. पेशंटच्या बुबुळांवर टॉर्च मारून बघावं तसं ती स्वतःला रोज तपासायची आणि रोज तोच निकाल. हे परत येणार आहे की कायमचं गेलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. कायमचं गेलं असेल तर मुलीच्या वाट्याला आई म्हणून नुसती इस्त्री आणि डबा येणार होता, आणि ह्या विचाराचंही तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं, एवढं मात्र कळत होतं.

मिस्त्री तीन दिवसांसाठी दुसऱ्या गावी कामाला गेला आणि त्याच सकाळी किल्लीला ताप भरला. एकशे तीन. खांबताईने रजा टाकली. चार वर्षांत पहिली रजा. मेट्रनबाईंना फोनवर आधी खरंच वाटेना.

मग तिने घरात जे केलं ते बघायला खरं तर तिच्या वर्गाला शिकवणाऱ्या कडक बाई हव्या होत्या. खिडकी उघडली, चादर बदलली, उशाशी पाण्याचं भांडं, वाटी, रुमाल, औषध, मोजायचं टोपण असं सगळं डावीकडून उजवीकडे वापरण्याच्या क्रमाने मांडलं. किल्लीच्या गणिताच्या वहीची मागची पानं उघडून पट्टीने रकाने आखले. वेळ. ताप. नाडी. श्वास. पाणी किती प्याली. लघवी. औषध. शेरा. पान आखताना उजवीकडे दोन बोटं जागा उरली, तर हाताने तिथेही एक रकाना आखला. हाताला सवय होती.

दोन दिवस ती खुर्चीवर बसून राहिली. दर तासाला नोंद, तापावर कोमट पाण्याच्या पट्ट्या, वजनाच्या हिशोबाने औषध, चमच्या-चमच्याने पाणी. किल्ली ग्लानीत होती. काहीबाही पुटपुटायची, खांबताई वाकून ऐकायची, उत्तर द्यायची, घड्याळ बघून लिहायची. समोरच्या काकू वाटीत मऊ भात घेऊन आल्या आणि ती मांडामांड बघून दारातच थबकल्या. "बाई बाई, दवाखाना झक मारतो गं ह्याच्यापुढे," त्या म्हणाल्या. "पोरीचं नशीब थोर." किल्लीचे डोळे अर्धवट उघडे होते. ती काकूंच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. खबरदारी म्हणून अकरा वाजता ती किल्लीला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते, त्यांच्या जागी एक नवे, कोवळे डॉक्टर बसले होते. किल्ली तपासायच्या उंच टेबलावर पाय हलवत बसली. खांबताई उभी राहिली. दवाखान्यात बसायची तिला सवय नव्हती. तिने वही पुढे केली आणि बारा वाक्यांत सगळी हकिगत सांगितली, ताप किती वाजता चढला, कशाने उतरला, शेवटची मात्रा कधी.

डॉक्टरांनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "काय चार्ट ठेवलाय हो! आमच्या मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा असा बघितला नव्हता." ते ओळीवरून बोट फिरवत खाली आले, मग उजवीकडे गेले. बोट मंदावलं. मग त्यांनी किल्लीकडे बघितलं आणि आवाज जरा मऊ केला.

"सिस्टर, मुलीची आई कधीपर्यंत येणार आहे?"

खांबताईला प्रश्न कळला नाही.

"नाही, ह्यात दिसतंय म्हणून विचारलं." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं. तिचंच अक्षर, गोल आणि सरळ. 'दु. २:००. रुग्ण आईची मागणी करते. कळवलंय, येतीलच असे सांगून धीर दिला. नातेवाईक हजर नाहीत.' त्याच्याखाली, 'दु. ४:००. पुन्हा आईची मागणी. धीर दिला. नातेवाईक हजर नाहीत.' दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक. "दोन दिवस विचारतेय बिचारी," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तुमचं काम उत्तमच केलंय, त्याबद्दल प्रश्न नाही. पण पुढच्या औषधाचं मी आईशीच बोलावं म्हणतो."

भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा अडकत अडकत चालत होता. खांबताईला तोंड उघडून एक साधं वाक्य म्हणायचं होतं, तीन शब्दांचं, आणि ते वाक्य तोंडात येत नव्हतं. जे केलं नाही ते सांगायचं कसं?

टेबलावरून किल्ली म्हणाली, "तिला कळवलंय."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं.

"येईलच," किल्ली म्हणाली. अगदी तशाच चालीवर.

"शहाणी मुलगी," डॉक्टर म्हणाले, आणि औषध लिहून चिठ्ठी खांबताईच्या हातात दिली. "त्या आल्या की त्यांना द्या." खांबताई म्हणाली, "हो. देते."

रस्त्याने दोघी शेजारी शेजारी चालल्या. दुकानांपुढे पाणी मारलेलं होतं, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. कोपरा आला.

"तू त्यांना सांगितलं नाहीस," किल्ली म्हणाली.

"काय?"

"तू आई आहेस ते."

खांबताईने औषधाची चिठ्ठी चार घड्या करून मुठीत धरली. "तू जागी होतीस?" तिने विचारलं. "तापात... मी तसं म्हणाले तेव्हा?"

"थोडी होते. मला वाटलं खरंच कोणीतरी कळवायला गेलंय." किल्ली पुढे बघत चालत होती. "मग मी दाराकडे बघत होते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. तिथेच रस्त्यावर खांबताईच्या पोटात काहीतरी हललं. पूर्वी केसांच्या वासाने हलायचं तसलं गोड काही नव्हतं ते. जिना उतरताना एक पायरी कमी निघाली की होतं तसं झालं. पण हललं. ती थांबली, मग पुन्हा चालू लागली, कारण मुलगी आजारातून उठलेली होती आणि ऊन वाढत होतं.

घरी आल्यावर किल्लीला पडायला सांगून तिने वही टेबलावर उघडली. चार्टमध्ये चूक झाली तर खाडाखोड करायची नसते. चुकीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. तिने पट्टी घेतली. चारही ठिकाणी 'नातेवाईक हजर नाहीत' वर एकेक रेघ मारली. मग शेजारी 'आई हजर' असं लिहायला पेन टेकवलं.

पेन पुढे सरकेना. अठ्ठेचाळीस तास ती त्या खुर्चीवरून फक्त पाणी तापवायला आणि भांडी धुवायला उठली होती. कोणत्याही न्यायाधीशापुढे हजर ठरली असती. पण मुलगी दाराकडे बघत होती, आणि ती वाकून म्हणत होती येतीलच. चारही ओळींत तिने खोटं काही लिहिलेलंच नव्हतं. ती तशीच बसून राहिली. बाहेर कोणाचा तरी प्रेशर कुकर वाजला, चार शिट्ट्या झाल्या, तिने त्या मोजल्या. किल्ली कधी उठून टेबलापाशी येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही.

"खोडलंस?"

"रेघ मारलीय फक्त. बरोबर काय लिहायचं ते कळत नाहीये."

किल्लीने वही बघितली. "तू कोणाला कळवलं होतंस?"

"कोणालाच नाही गं. ते नुसतं म्हणायचं असतं. पेशंट घाबरू नये म्हणून."

"म्हणजे कोणीच कळवलं नाही तिला?"

"नाही."

"मग ती येईल कशी?" किल्ली म्हणाली. चिडून म्हणाली, आणि ती आईवर चिडलेली किती महिन्यांनी दिसत होती.

खांबताई उठली. खुंटीवरच्या गणवेशाच्या खिशात ते पाकीट अजून होतं, न उघडलेलं, धुण्यातून वाचलेलं. त्यावरचा नंबर तिने किल्लीसमोरच फिरवला.

"मी सात नंबर..." ती सवयीने खाटेचा नंबर बोलून गेली, मग थांबली, मग आपलं खरं नाव सांगितलं. "माझ्या फॉर्ममध्ये एक उत्तर चुकलंय."

"कितवं?" प्रश्नवालीने विचारलं.

"एकोणचाळिसावं. तुटल्यासारखं वाटतं का, ते. मला वाटत नाही. पण तुटलंय. माझी मुलगी दोन दिवस मला बोलवत होती आणि मी तिला सांगत होते की येतील." हे सगळं तिने एका दमात, सकाळची पाळी दुपारच्या पाळीला पेशंट सोपवते त्या आवाजात सांगितलं.  मग प्रश्नवाली म्हणाली की उद्या सकाळी दहाला या, मी स्वतः तुम्हाला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाते, त्या ह्याचंच काम करतात, आणि आज घरी कोण आहे तुमच्यासोबत?

"मुलगी आहे," खांबताई म्हणाली. "नवरा संध्याकाळी येईल." आणि नव्या मुलींचं मेट्रनबाईंना आत्ताच नाही म्हणून सांगायचं, हेही तिने तिथल्या तिथे ठरवलं. माझ्यासारख्या कशाला करायच्या त्या पोरी? रडतात ते बरं आहे.

फोन ठेवून ती टेबलाशी बसली. घड्याळ बघितलं. वहीत नव्या ओळीवर लिहिलं: 'दु. १२:४०. आईला कळवलं.' आणि सही केली. ही नोंद खरी होती.

किल्लीने ती दोनदा वाचली. "आता कधी येईल?"

"ठाऊक नाही."

"मी हाक मारली तर ऐकू येईल तिला?"

खांबताईने मुलीकडे बघितलं. तापाने ओठ सुकलेले होते, केस कपाळाला चिकटलेले. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. कुठेतरी खूप आत, बंद दारापलीकडे कोणी चालल्यासारखं वाटत होतं आणि त्या दाराची किल्ली सापडत नव्हती. उत्तर मात्र तिला माहीत होतं. ते तिचं नव्हतं, उसनं होतं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने ते तोंडाने म्हटलं.

"ऐकू येतं. उत्तर द्यायला वेळ लागतो, एवढंच."

किल्लीने मान डोलावली. हे तिला ठाऊक होतं. बाहुल्यांच्या दवाखान्यात ती हेच शिकली होती. ती खुर्चीला लागून उभी राहिली, आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कानाशी वाकून, रेडिओमावशीच्या ठणठणीत आवाजात ओरडली, "आई! ऐकू येत असेल तर हात दाब!"

हात बराच वेळ तसाच राहिला. किल्ली वाट बघत उभी होती. ह्या वेळी ती दाराकडे बघत नव्हती.

मग तिने एका हाताने आईचं पेन ओढून घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघितलं आणि गणिताच्या वहीत, त्या दोन बोटांच्या रकान्यात, तिरक्या अक्षरात लिहिलं: 'दु. १२:४४. हात दाबला.' दुसरा हात तिला सोडवून घेता येत नव्हता, म्हणून सही राहिली.